सखूबाईनं लावलेला कौल

सखूबाई लोहाऱ्याच्या बाजाराला जायची ती पायवाटेनं. स्वतःचा मुलगा शिवराज त्याच रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवतो, दारात गाडी उभी असते, सून दैवशाला दर वेळी म्हणते की आत्या, गाडीत बसून जावा. पण ही बाई ऐकेल तर शपथ. बांधावरून, ओढ्यातून, काट्याकुट्यातून चालत जाणार, संध्याकाळी सुजलेले गुडघे घेऊन परत येणार आणि वर सुनेलाच तेल गरम करायला लावणार. वस्तीवरची माणसं म्हणायची, म्हातारीचं डोकं फिरलंय. तसं काही नव्हतं. सडकेनं गेलं की लिंबाचं वळण लागतं, आणि त्या वळणावरून गाडीत बसून जायचं नाही, हे तिनं नवरा गेला तेव्हाच ठरवलं होतं.

नवरा म्हणजे सिदू. जातिवंत मेंढपाळ. मेंढरं घेऊन बालाघाटाच्या माळांनी हिंडायचा आणि सुगी सरली की वस्तीवर परतायचा. एका संध्याकाळी सगळा कळप सडकेपार झाला होता. एक लंगडी मेंढी मागं राहिली म्हणून सिदू माघारी फिरला, आणि वळणातून ट्रक आला. मेंढी वाचली. ती पुढं कितीतरी वर्षं जगली. सखूबाईला तिच्याकडं बघवायचं नाही आणि विकवायचंही नाही.

आपल्याकडं रस्त्यावर माणूस गेलं की ती जागा धरते, असं म्हणतात. सिदूच्या मागोमाग त्याच वळणावर एक मोटारसायकलवाला गेला, तेव्हा जागेनं चटक लावून घेतली असं सगळेच म्हणू लागले. सखूबाईला रात्रंदिवस एकच दिसायचं: शिवराज मोठा होईल, सडकेवर जाईल आणि जागा त्यालाही मागेल. मग ती ओढ्यात उतरली, दोन हातांत मावेल असा एक गोल दगड तिनं डोक्यावरून आणला, वळणाच्या आतल्या अंगाला लिंबाच्या बुडाशी ठेवला आणि शेंदूर फासून त्याला म्हसोबा म्हटलं. लहानग्या शिवराजला तिथं उभं करून हात जोडायला शिकवलं. त्या साली वळणावर कुणी गेलं नाही. झालं. म्हसोबा जागृत आहे, ही बातमी जीपवाल्यांनी थेट धाराशिवच्या स्टँडपर्यंत पोचवली.

पुढचं मी सांगतो ते आज सांगायला फार सोपं आहे. आधी गाड्या नुसता हॉर्न द्यायच्या. मग ड्रायव्हर नमस्कार करू लागले. मग थांबून नारळ फोडू लागले. नवा ट्रॅक्टर घेतला की पहिला नारळ म्हसोबाला, नवरानवरी निघाली की वऱ्हाडाचा टेम्पो म्हसोबापुढं. कारखाना सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या तिथंच उभ्या, मागं ना दिवा ना लाल कापड. वळणावर थांबलेल्या गाडीला मागून येणारा धडकायचा. अपघात झाला की लोक म्हणायचे, देव कोपला. देव कोपला की नारळ वाढायचे, नारळ वाढले की आणखी गाड्या थांबायच्या. हे शेंबड्या पोरालाही कळावं, असं तुम्ही म्हणाल. पण मनात भीती बसली की माणसाला समोरचं दिसत नाही, आणि त्या रस्त्यावर तर सगळ्यांच्याच मनात ती बसली होती. शाळेत स्कूटीवरून येणाऱ्या बाई त्या वळणावर गेल्या तेव्हा सखूबाईनं अमावस्येला नैवेद्य दुप्पट केला. तिला वाटलं, आपल्याच सेवेत काहीतरी कमी पडतंय.

शेवटी लोहाऱ्यात तहसीलच्या हॉलमध्ये सगळे एकत्र बसले. पोलीस, बांधकाम खातं, एसटीवाले, जीपवाल्यांची संघटना, कारखान्याचे शेतकी अधिकारी, दवाखान्यातले डॉक्टर आणि आजूबाजूचे सरपंच. असल्या बैठकीत चहा आधी येतो आणि शहाणपण बिस्किटं संपल्यावर, हा माझा अनुभव. पण या वेळी खरंच कामं वाटून घेतली गेली. कारखान्यानं प्रत्येक ट्रॉलीला मागून चमकणाऱ्या पट्ट्या लावायच्या. ग्रामपंचायतीनं वळणावरच्या वेड्या बाभळी काढायच्या. एसटीनं थांबा पुढं न्यायचा. डॉक्टरांनी धाब्यावरच्या पोरांना जखमी माणूस कसा उचलायचा ते शिकवायचं. रस्त्यावर गतिरोधक पट्टे, कडेला खांब, हे बांधकाम खात्याच्या इंजिनियर अर्पितानं अंगावर घेतलं. आणि मग ती म्हणाली की हे सगळं केलं तरी वळणावर गाड्या थांबणारच. म्हसोबा तिथून हलवून पुढं मोकळ्या माळावर नेला पाहिजे, तिथं गाड्या रस्ता सोडून उभ्या राहू शकतील.

सरपंच बलभीम म्हणाले, पटतंय, पण माझी लेकरं लहान आहेत. पोलीस जमादार हणमंतप्पांनी टोपी काढून पुन्हा घातली. ते स्वतः ड्यूटीवर जाताना तिथं नारळ ठेवायचे. रस्त्याचं काम घेतलेल्या ठेकेदारानं सांगितलं, माझं एक माणूस त्या दगडाला हात लावायचं नाही, मी पण नाही. देवाला हात कोण लावणार? ज्यानं बसवला त्यानंच, असं ठरलं, आणि सगळ्यांना हायसं वाटलं. आपल्या मानगुटीवरचं दुसऱ्याच्या मानगुटीवर गेलं की असं वाटतंच.

तिघं वस्तीवर आले: सरपंच, जमादार आणि अर्पिता. सखूबाईनं त्यांना घोंगडी टाकून दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. सरपंच म्हणाले की काकू, देवालाच विचारू, कौल लावू. ओल्या फुलाच्या दोन पाकळ्या देवाच्या दोन्ही अंगांना चिकटवायच्या. उजवी आधी गळली तर देवाचा होकार, डावी गळली तर नकार. या भागात विहीर खणण्यापासून सोयरीक जुळवण्यापर्यंत लोक असंच विचारतात. पण सखूबाई विचारायलाही तयार होईना.

"इचारणं म्हंजी त्याला डिवचणं हाय," ती म्हणाली. "तुमी पट्टं मारा, खांब रवा, काय बी करा. त्यो हलला तर पयला माज्या घरात शिरंल. माजा शिवराज दिसातनं किती येळा तिथनं जातो, ठावं हाय का तुमाला?"

अर्पितानं वाद घातला नाही. एवढंच म्हणाली की मावशी, पुढच्या बैठकीला एकदा लोहाऱ्याला या आणि हेच सगळ्यांसमोर सांगा. तुमचा नकार असेल तर जबरदस्ती कुणी करणार नाही. सखूबाईला ते बरं वाटलं. नाही म्हणायला जायचं होतं, त्यात भिण्यासारखं काही नव्हतं.

बैठकीच्या दिवशी तिचा गुडघा असा धरला की ओट्यावरून उतरता येईना. दैवशालानं तिला जवळजवळ उचलूनच जीपमध्ये बसवलं. पुढं, शिवराजच्या शेजारी. मागं नेहमीसारखी खच्चून भरलेली माणसं, कॉलेजच्या पोरी, कोथिंबिरीच्या पेंढ्या. सखूबाईनं दोन्ही हातांनी समोरची दांडी घट्ट धरली. सिदू गेल्यानंतर इतक्या वर्षांत ती सडकेच्या बाजूनं त्या वळणाकडं पहिल्यांदाच चालली होती. आजवर तिनं वळण पाहिलं होतं ते म्हसोबाच्या बाजूनं, लिंबाखाली बसून. तिथून गाड्या हॉर्न देताना दिसायच्या, लोक वाकताना दिसायचे, आणि तिचा ऊर भरून यायचा.

लिंब दिसू लागला. शिवराजनं लांब हॉर्न दिला. मग त्यानं स्टेअरिंग सोडलं. दोन्ही हात. ते जोडून कपाळाला लावले आणि डोळे मिटून घेतले. गाडी आपली आपण वळणात शिरत होती. मागच्या पोरींनीही हात जोडले होते, कोथिंबीरवाल्यानंही डोळे मिटले होते. भरलेल्या जीपमध्ये त्या क्षणी उघडे डोळे फक्त सखूबाईचे होते. आणि तिला समोर दिसला टेम्पो, वळणातच उभा, मागचं फळकूट उघडं, खाली उतरलेला माणूस नारळ हातात घेऊन लिंबाकडं निघालेला.

तिनं शिवराजच्या मांडीवर थापड मारली. त्यानं डोळे उघडले, स्टेअरिंग धरलं, ब्रेक दाबला. जीप घसरत जाऊन टेम्पोच्या फळकुटाला चाटून थांबली. नारळवाला जागच्या जागी खाली बसला होता. सिदू पडला होता ती जागा त्याच्या पायाशी होती, हे सखूबाईशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

मागं सगळे एकदम बोलू लागले, म्हसोबानं वाचवलं म्हणू लागले. शिवराजनं पुन्हा लिंबाकडं हात जोडले. सखूबाईनं पुन्हा दोन्ही हातांनी दांडी धरली होती.

"चालत्या गाडीत डोळं मिटतोस?" तिनं विचारलं. आवाज इतका बारीक होता की त्याला वाकावं लागलं.

"रोजच मिटतो की, आये. तूच न्हाय का शिकिवलं? उघड्या डोळ्यानं केलेला नमस्कार देवाला पोचत न्हाय म्हून."

त्यात टोमणा नव्हता. शिवराज सरळ मनाचा गडी, विचारलं त्याचं उत्तर दिलं. रोज जातायेता हा पोरगा तिनं शिकवल्याप्रमाणं डोळे मिटत आला होता, आणि ती लिंबाखाली बसून हॉर्न ऐकून समाधान मानत आली होती. लोहारा येईपर्यंत ती त्याच्या हातांकडं बघत राहिली.

हॉलमध्ये सगळे तिच्या नकाराची वाट बघत होते. ती उभी राहिली, पदर सावरला आणि म्हणाली की कौल लावते. एवढं बोलून खाली बसली.

कौल लावायचा तो सकाळी. जमादारांनी वळणाच्या दोन्ही बाजूंना गाड्या थांबवल्या होत्या. माणसं जमली ती लांबूनच, कुणी लिंबाच्या सावलीतही येईना. अर्पिता बांधावर उभी होती. तिचाही चेहरा उतरला होता, आणि मला त्यात नवल वाटत नाही. शिकलेल्या माणसाच्याही घरी आई असते आणि तिनंही काहीबाही सांगितलेलं असतं. सखूबाई लोकांकडं पाठ करून म्हसोबापुढं बसली. झेंडूच्या दोन पाकळ्या तिनं पाण्यात बुडवल्या, शेंदरावर एक उजवीकडं चिकटवली, एक डावीकडं. डोळे मिटले. मनात म्हणाली की बाबा, तुला काढून टाकत नाही, चार पावलं पुढं नेते, लेकराच्या हाताकडं बघ आणि हो म्हण.

तिनं डोळे उघडले, आणि तिच्या डोळ्यांदेखत डावी पाकळी गळून पडली.

सखूबाईच्या कानात नुसतं वारं भरलं. उजवी पाकळी जागेवर घट्ट होती, हलायचं नाव नाही. मागून सरपंचांनी विचारलं की काकू, काय म्हणतोय देव? उठावं, नाही म्हणतोय म्हणून सांगावं, पायवाटेनं घरी जावं. हे सगळं तिला करता आलं असतं आणि कुणी तिला बोल लावला नसता. तिला शिवराजचे मिटलेले डोळे दिसले. तिनं डावी पाकळी मुठीत घेतली. मग अंगठ्यानं उजवी खरवडून काढली आणि हात मागं करून लोकांना दाखवली.

"उजवी दिली," ती म्हणाली.

लोकांनी चांगभलं केलं. तिनं सिदूची जुनी घोंगडी जमिनीवर अंथरली आणि दगडाला दोन्ही हात घातले. एवढ्या वर्षांच्या शेंदरानं दगड जड झाला होता. तो जागचा सुटला तेव्हा खालून मुंग्यांची रांग बाहेर पडली, आणि जमलेली माणसं दोन पावलं मागं सरली. तिला वाटलं, आता काहीतरी होईल. लिंब मोडेल, नाहीतर लांब थांबलेल्या गाड्यांतून शिवराजच्या नावानं हाक येईल. काहीच झालं नाही. ती दगड घोंगडीत घेऊन माळापर्यंत चालत गेली, गुडघा दुखतोय हेही तिच्या ध्यानात नव्हतं. दुपारी वळणावर पट्टे मारायचं काम सुरू झालं. जीपवाल्यांच्या संघटनेनं ठराव केला की ज्याला पाया पडायचं त्यानं माळावर गाडी बाजूला घ्यावी, खाली उतरावं. चालत्या गाडीत कुणी हात जोडायचे नाहीत.

बैठका होत राहिल्या, आणि दर बैठकीत सांगितलं जाऊ लागलं की लिंबाच्या वळणावर काही घडलेलं नाही. ट्रॉल्यांच्या पट्ट्या चमकतात, वळण लांबून दिसतं. सरपंच सगळीकडं सांगत सुटले की देवानं कौल दिला म्हणून जमलं. तेर रस्त्यावरही असंच एक देवाचं ठाणं आहे, तिथल्या लोकांनी सखूबाईला बोलावणं धाडलं. तिनं गुडघ्याचं कारण सांगितलं.

खरं तर तिला घरातून हलवत नव्हतं. डावी पाकळी तिनं पानसुपारीच्या चंचीत ठेवली होती. टाकायची भीती, ठेवायचीही भीती. दिवेलागणीला ओट्यावर बसून ती सडकेकडं कान लावायची. पूर्वी वळणावरचा हॉर्न ऐकू आला की शिवराज पोचला म्हणायची. आता हॉर्नही नाही. नुसता आवाज येतोय का बघायचं, आणि तो आपल्या जीपचा आहे का ते ओळखायचं. दैवशाला म्हणायची की आत्या, आता तर रस्ता चांगला झाला, आता कशाला घोर करता? काय सांगणार? देवानं नाही म्हटलं होतं, आणि तिनं देवाच्या तोंडी खोटं घातलं होतं. हिशेब व्हायचा तो कुणाच्या अंगावर होणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

एका संध्याकाळी जीप आली नाही. दिवे लागले, भाकरी झाली, दैवशालानं दोनदा फोन लावला, तो उचलला गेला नाही. सखूबाई ओट्याच्या कडेला बसून चंची दाबत होती. तिला रडू येत नव्हतं. सिदूच्या वेळी ती वाट बघत होती तेव्हा तिला काही माहीत नव्हतं. या वेळी सगळं माहीत असल्यासारखं वाटत होतं, आणि तेच जास्त वाईट होतं.

मग जीप आली. पुढचा एक दिवा फुटलेला, बाजू चेमटलेली. शिवराज उतरला, धड, आपल्या पायांनी. ओट्यावर बसून तांब्याभर पाणी प्यायला.

"त्याच वळनावर," तो म्हणाला. "समोरनं ट्रक माज्या अंगावर आला. हात ठेरिंगवर हुते म्हून वडली गाडी कडंला. खांबाला घासली, पर मानसं समदी नीट हायती. जमादार आले, पंचनामा झाला, म्हून येळ लागला." आणि थोड्या वेळानं म्हणाला, "देवानं राखलं, आये."

सखूबाईनं त्याचे हात आपल्या हातांत घेऊन उलटसुलट करून पाहिले. देवानं राखायला हात घातला होता की न्यायला, हे तिला कोण सांगणार होतं?

सकाळी ती लंगडत माळावर गेली. चंचीतली वाळलेली पाकळी तिनं म्हसोबापुढं ठेवली.

"त्यो तुला पायजे हुता, म्या दिला न्हाय," ती म्हणाली. "काल तू बगितलंस घेऊन. आता फिटलं म्हन."

पदरात तिनं दोन ताज्या पाकळ्याही आणल्या होत्या. पाण्याचा तांब्या उघडला, पाकळ्या बोटांत धरल्या, आणि तशाच पुन्हा पदरात बांधल्या. विचारायचा धीर तिला झाला नाही. इतक्यात सडकेवर ओळखीचा आवाज आला. फुटक्या दिव्याची जीप वळणात शिरत होती, पट्ट्यांवर धडधडत, हळू. शिवराजनं आईला पाहिलं असणार, पण त्यानं हात उचलला नाही. सखूबाईनं सडकेकडं तोंड केलं, दोन्ही हात जोडले, आणि डोळे टक्क उघडे ठेवून जीप वळण पार करेपर्यंत बघत राहिली.